आबांचे मिटलेले डोळे

त्या रविवारी आभाळ भरून आलेलं, पण थेंब नाही. वारा पडलेला, बनियन अंगाला चिकटलेलं. संध्याकाळी पाचला गच्चीवर सोसायटीची मीटिंग होती. आमचा फोटो स्टुडिओ रिकामा करून तिथं पार्किंग करायचं, असा ठराव यायचा होता. मी पायरीवर बसून होतो. चाळीस वर्षं कुमुदताईंच्या हाताखाली लाइट धरले, पडदे बदलले. शाळा काही झाली नाही, किस्से मात्र भरपूर झाले. गिऱ्हाईकांनी न नेलेल्या फोटोंसारखे ते साठतात, टाकवत नाहीत.

*

ताईंनी सदाशिव पेठेत स्टुडिओ उघडला तेव्हाचं पहिलं गिऱ्हाईक. धोतर, काळी टोपी. विचारलं, फोटोग्राफर कुठायत? ताई म्हणाल्या, "मीच."

"असू दे, थांबतो मी. येऊ देत त्यांना."

दीड तास थांबले. शेवटी ताईंनी ते वाट बघत असतानाच फोटो काढला. अजून काचेत लावलेला आहे. चेहऱ्यावर काय भाव आलेत म्हणून सांगू!

*

जोडप्याचा फोटो असला की बाईला खुर्चीवर बसवायचं आणि नवऱ्याला मागं उभं करायचं, हा ताईंचा नियम. एकदा एक गृहस्थ अडून बसले. आमच्यात पुरुष बसतो, म्हणाले.

ताई शांतपणे म्हणाल्या, "बसा की. खुर्ची एकच आहे, यांच्या मांडीवर बसा."

गृहस्थ असे ताठ उभे राहिले की मला लाइट वर घ्यावा लागला.

*

आबा लिमये म्हणजे आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी आणि सोसायटीचे चेअरमन. फोटो काढला की यांचे डोळे मिटलेच. लग्नाच्या अख्ख्या अल्बमात नवरदेव झोपलेला. मतदार कार्डावरही तेच. मतदानाला गेले तर तिथल्या माणसाला ओळख पटेना. आबांनी डोळे मिटून दाखवले, तेव्हा कुठं आत सोडलं.

*

आमच्या सोसायटीत फ्लॅट सगळे नवऱ्यांच्या नावावर. मत त्यांनी द्यायचं, पोहे बायकांनी करायचे. ताई भाडेकरू, त्यांना तर मतच नाही. तरी दारोदार फिरून त्यांनी प्रत्येक बायकोचं फ्लॅटवर दुसरं नाव लावून घेतलं आणि नवऱ्यांकडून चिठ्ठी घेतली, की मी मीटिंगला नसलो तर हिनं मत द्यावं. सगळ्यांनी हसत सह्या केल्या. आबा म्हणाले, "अहो ताई, मी मीटिंगला नाही असा दिवस उगवायचा नाही."

*

तर तो रविवार. साडेचारला ताईंनी सगळ्या पुरुषांना खाली बोलावलं. जिन्यात कायमचा लावायला सभासदांचा ग्रुप फोटो, माझ्याकडून भेट, म्हणाल्या. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आले. सेक्रेटरी तेवढे आले नाहीत. घड्याळाचा माणूस, पाच म्हणजे पाच. ते गच्चीवर रजिस्टर उघडून बसले होते.

ताईंनी फोटो काढला, आबांना स्क्रीन दाखवली. डोळे मिटलेले.

"असा जिन्यात कायमचा? परत काढा," आबा म्हणाले.

परत मिटलेले. परत काढा. मी लाइट उजवीकडून डावीकडं नेला. मिटलेले. कोणीतरी घड्याळ बघितलं, तर आबांनीच त्याला हलू नको म्हणून दटावलं. मी काही नाही तरी पंचवीसेक वेळा लाइट हलवला असेल. हात भरून आले.

मग जिन्यात चपला वाजल्या. सेक्रेटरी रजिस्टर काखेत धरून दारात उभे. म्हणाले, पाचला सभा सुरू केली, बाकीचे सभासद हजर नव्हते, त्यांच्या चिठ्ठ्या होत्या, त्याप्रमाणे बायकांची मतं घेतली. नियम म्हणजे नियम. पार्किंगचा ठराव पडला, स्टुडिओ राहतो. पोहे उरलेत, हवे असतील तर वर या.

सगळे आबांकडं बघायला लागले. ताई लेन्स पुसत होत्या.

आबा सावकाश माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "ते असू दे रे सखाराम. शेवटच्यात तरी उघडे आलेत का?"