शनिवारच्या देवाला भिवाचं तोंड

भिवा परबाला कामाची भीती कधीच नव्हती. शनीची मात्र भारी! शारजाच्या एका कारखान्यात तो बागेतले पुतळे घडवायचा. दुबईतल्या एका इंग्रज मॅडमनं सात पुतळे मागवले होते, त्यांच्या देशातल्या कुठल्याशा जुन्या बागेतल्या सॅक्सन देवांच्या नकला. ख्रिस्ती होण्याआधी तिकडचे लोक म्हणे हे देव मानायचे, दर वाराला एक. सहा वार झाले. राहिला शनिवार.

"शनिवारचा म्हणजे शनीच," भिवा म्हणाला. "मी नाही त्याच्या नजरेसमोर उभा राहणार."

"अरे बाबा, हा गोरा शनी," फोरमन रफिकभाई वैतागले. ते रत्नागिरीचे. "त्याला तुझी पत्रिका वाचता येते काय? यल्ला, चल, तोंड कर! हा झाला की तुझी सुट्टी पास."

सुट्टीवरच तर सगळं अडलं होतं. कुडाळजवळ नवं घर बांधून वर्ष झालं, घरभरणी दोनदा पुढं गेली. जोडीनं पूजेला बसल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही, असा बायकोचा, सगुणेचा हट्ट. घर समोर आणि ही बया गोठ्यात चूल मांडून!

मग आमच्या शहाण्यानं काय करावं? तो पुतळ्याच्या पाठीमागे उभा राहिला आणि हात पुढं घालून चाचपत चाचपत मातीचं तोंड घडवू लागला. नाक कुठं, ओठ कुठं हे कळायला एक हात देवाच्या तोंडावर, एक स्वतःच्या. काम संपल्यावर रफिकभाई समोर येऊन बघतात तर काय! अंगात सॅक्सन झगा, आणि वर हुबेहूब भिवा, बसक्या नाकासकट!

"खलास!" ते म्हणाले. तेवढ्यात मॅडमची गाडी आली.

मॅडम पुतळ्याभोवती दोनदा फिरल्या आणि चक्क टाळ्या वाजवल्या. बाकीचे सहा त्यांना मेलेले वाटले, हा एकटा जिवंत. म्हणून तेही पुन्हा करायचे, याच तोंडाचे.

"मॅडम, शुक्रवारची बाई आहे," रफिकभाई कळवळले.

"तिलाही हेच," मॅडम म्हणाल्या.

सहा पुतळे म्हणजे सुट्टी बोंबललीच. भिवानं सगुणेला व्हिडिओ कॉल लावला, सगळं सांगितलं आणि फोन लांब धरून पुतळा दाखवला.

"भटजी म्हणतायत, नवरा नसला तर शेजारी सुपारी ठेवून पूजा होते," ती म्हणाली. "मी नाही बसणार सुपारीशेजारी. त्यापेक्षा हा पाठवा. निदान तोंड तरी तुमचं."

"अगं, शनी आहे तो!"

"असू दे. घरी न येणाऱ्या नवऱ्यापेक्षा शनी परवडला."

भिवाला हसू आलं, मग हसवेना. फोन खिशात टाकून तो रफिकभाईंकडे असाच आठवा पुतळा कुडाळला पाठवायला कार्गोची चौकशी करायला गेला.