स्टिअरिंगला हात न लावणाऱ्या ताई

ताईंना निवडणुकीत प्रतिस्पर्धी मिळाला तो त्यांच्याच जिभेमुळे. दुसऱ्या कोणाला दोष देण्याची सोय नव्हती.

त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी एका मंडळाचा गाडा ओढायच्या. फुकट मिळणारी, ज्याला हवी त्याने उघडून बघावी, बदलावी आणि पुढे वाटावी अशी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं हे मंडळ. महिन्यातून एका रविवारी मंडळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायची. लोक शेवटच्या घटका मोजणारे संगणक काखोटीला मारून यायचे आणि त्यांवर लिनक्स ही तसलीच फुकट कार्यप्रणाली घालून, धडधाकट करून घरी न्यायचे. हॉल उघडायच्या ताई. त्या दाराचं कुलूप मोठं खाष्ट होतं. किल्ली जराशी बाहेर ओढून, दार खांद्याने रेटलं तरच फिरायचं, आणि ही कला ताईंखेरीज कोणालाच येत नव्हती. खुर्च्या मांडायच्या ताई, चहा सांगायच्या ताई, आणि निम्म्या लोकांना शिकवलेलंही ताईंनीच.

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. गाडीत त्या शिकणाऱ्याच्या स्टिअरिंगला हात लावत नसत. समोरून ट्रक आला तरी पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर आणि हात मांडीवर. हाच नियम त्यांनी हॉलमध्ये आणला. मदत करणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे, कीबोर्ड ज्याचा संगणक त्याच्याकडे. पाच मिनिटांच्या कामाला सगळी दुपार जाते म्हणून लोक आधी कुरकुरले, पण पुढे नियम अंगवळणी पडला. हात मागे असले तरी ताईंच्या तोंडाचा पट्टा मात्र चालूच असायचा, ती गोष्ट वेगळी.

मंडळाची स्थापना करणारे सर थकले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडलं. आता ताईच, हे सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. ताईंनीही. त्यांना ते पद हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण बैठकीत त्या उभ्या राहिल्या आणि बोलून गेल्या की एकच उमेदवार असेल तर ती निवडणूक कसली, ती नेमणूक झाली. कोणीतरी समोर उभं राहिलंच पाहिजे. कोणाचाही हात वर आला नाही. ताई समाधानाने खाली बसणार, एवढ्यात मागच्या रांगेतून बेकरीवालीने हात वर केला.

ही बेकरीवाली नवीन होती तेव्हा माउस धरताना तिच्या हाताला घाम फुटायचा. तिला पहिली फाइल उघडायला ताईंनीच शिकवलं होतं. आता तिच्या बेकरीचा सगळा हिशेब तिने स्वतः बसवलेल्या संगणकावर चालायचा, आणि शेजारच्या दुकानदारांना ती शिकवायला जायची.

घरी आल्यावर ताईंनी भांडी जरा जास्तच जोरात आपटली. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस शांत, पण चिमटा काढायची संधी सोडणारा नव्हे. बायकोकडून गाडी शिकायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला होता आणि पहिल्याच वळणावर उतरून चालत घरी आले होते. संगणकाला तर त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं की उभं राहा म्हणून सांगितलं कोणी. ताई म्हणाल्या, हो, मीच सांगितलं, पण कोणी ऐकेल असं थोडंच वाटलं होतं.

मतदानाच्या दिवशी सरांनी एक अट घातली. भाषणं नकोत. प्रत्येक उमेदवाराने, संगणकाला कधी हात न लावलेल्या एका कोऱ्या माणसाकडून, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून जुना संगणक सुरू करून घ्यायचा. काम छोटं, पण नवख्याचा घाम काढणारं. मशीन चालू होताच क्षणभरात एक ठरावीक बटण दाबावं लागतं, क्षण हुकला की पुन्हा पहिल्यापासून.

ताईंच्या वाट्याला एक शिंपीकाका आले. ताईंनी हात मागे बांधले आणि सुरू झाल्या. "वरच्या रांगेतलं शेवटचं बटण. बोट तयार ठेवा. आता. दाबा, दाबा, दाबा." काकांनी दाबलं, काम फत्ते झालं, टाळ्या पडल्या. ताई ऐटीत जागेवर येऊन बसल्या.

बेकरीवालीने कोरा माणूस मागितला तर कोणीच उठेना. तेव्हा गंमत बघायला आलेले ताईंचे यजमान उठले. आपल्याइतका ढ माणूस या हॉलमध्ये दुसरा नाही, आपण गेलो की समोरची तोंडावर आपटलीच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ताईंनी तो ओळखला आणि कपाळाला हात लावला.

यजमानांनी मशीन चालू केलं, भलतंच बटण दाबलं, मशीन पेनड्राइव्ह सोडून जुन्याच वाटेने निघालं. पुन्हा तेच. आणखी एकदा तेच. लोक चुळबुळू लागले. ताईंचे हात असे शिवशिवले की त्या हातांवरच बसल्या. बेकरीवाली मात्र हात मागे बांधून गप्प उभी होती. मग तिने विचारलं, "आत्ता स्क्रीनवर काय दिसलं?"

"खाली काहीतरी लिहून आलं आणि गेलं."

"काय लिहिलं होतं?"

"वाचायच्या आत गेलं."

"मग परत बघा. मशीन कुठे पळून चाललंय?"

यजमानांनी चष्मा पुसला. परत बघितलं, अर्धं वाचलं. पुन्हा चालू केलं, पूर्ण वाचलं, आणि कोणी न सांगता बरोबर ते बटण दाबलं. पडद्यावर कुठून सुरू करू विचारणारी यादी उघडली, आणि तिच्यात पेनड्राइव्ह होता. घोटाळा करायला गेलेला हा गृहस्थ शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा हसत सगळ्या हॉलकडे बघू लागला.

ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिंपीकाकांनी बटण दाबलं ते ताईंनी सांगितलं म्हणून. यांनी दाबलं ते वाचून. काका घरी गेल्यावर पुन्हा अडणार, हे अडणार नाहीत. आपण हात आवरायला शिकवलं आणि ही पोरगी जीभही आवरायला शिकली. वाईट वाटायला हवं होतं, थोडं वाटलंही. पण त्याहून कितीतरी मोठा अभिमान छातीत दाटून आला, आणि तो लपवावासा त्यांना वाटला नाही.

मतं हात वर करून घेतली, हॉलमधल्या प्रत्येकाचं एक. बेकरीवालीच्या नावाला ताईंनी हात वर केला, तो सगळ्यांच्या आधी. ताईंच्या नावाला बेकरीवालीने केला. यजमानांनी इमानाने बायकोलाच मत दिलं. बेकरीवाली थोडक्या मतांनी निवडून आली. ताईंनी पर्समधून हॉलची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

मंडळी बाहेर पडली. नवीन अध्यक्षांनी दार लोटून घेतलं, किल्ली घातली, ती फिरेना. उलटी घातली, फिरेना. जिन्यात सगळे खोळंबले आणि साहजिकच ताईंकडे बघू लागले. यजमान पुढे सरकून बायकोला म्हणाले, "अगं, जरा सांग ना तिला..." ताईंनी त्यांना कोपराने मागे सारलं, स्वतःचे हात पाठीमागे बांधले आणि ओठ मिटून घेतले.

बेकरीवालीने वळून पाहिलं. "ताई, आज काही बोलत नाही तुम्ही?"

"बोलायचं काय त्यात? कुलूप कुठे पळून चाललंय?"

बेकरीवाली हसली. वाकून तिने दाराची फट नीट बघितली, दार खांद्याने रेटलं, किल्ली आतबाहेर करत जराशी बाहेर ओढली आणि फिरवली. कुलूप लागल्याचा आवाज आला तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या ताईंनी.