साहेबांच्या घरातला रांजण

आधीच सांगून टाकते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी मुलांसमोर नारळावर पाणी शिंपडून जाळ काढते आणि मग त्यामागची सोडियमची लबाडीही समजावते. भूत, भानामती, अंगात येणं यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. खालचं वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा, मीही हसले असते.

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक गोष्ट आहे. ते चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्यांना वसतिगृहात प्रवेश हवा होता आणि त्यासाठी एका मोठ्या माणसाची चिठ्ठी लागणार होती. वालूरच्या पुढं आडवळणाच्या एका गावात त्या साहेबांचं घर होतं. निजामाच्या काळात तुरुंग भोगलेले, नंतर दिल्लीत मंत्री झालेले. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच राजकारण सुरू व्हायचं. साहेब गावी आलेत हे कळल्यावर आबा पहाटेच निघाले, चालत. आम्ही बौद्ध, गावाच्या खालच्या अंगाला राहणारे. त्या दिवसांत आमच्या माणसानं दुसऱ्याच्या अंगणात थांबायचं, ओंजळ करायची आणि वरून ओतलेलं पाणी प्यायचं. आबांनीही सवयीनं ओंजळ केली. तर साहेब म्हणाले, "आत जा. रांजण हाय. आपल्या हातानं घे."

आबा आत गेले आणि त्यांनी स्वतः ओगराळं बुडवून पाणी घेतलं. गार पाणी, वाळ्याच्या वासाचं.

पुढं चिठ्ठी मिळाली, वसतिगृह मिळालं, एसटीत नोकरी लागली, आम्ही भावंडं शिकलो. पण गोष्ट सांगताना आबा चिठ्ठीवर कधी रेंगाळले नाहीत. त्यांची गाडी थांबायची ती रांजणावर.

आणि नेमकं तेच कुणाला खरं वाटायचं नाही. चुलते म्हणायचे, "दादा, वरूनच वतलं असंल वंजळीत. तू ल्हान हुतास, इसरलास." अकरा वर्षांपूर्वी भावाच्या लग्नात पंगतीत आबांनी ती गोष्ट काढली, आणि मी, शिकलीसवरलेली लेक, सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा जरा तिखटमीठ लावून सांगतात." सगळे हसले. आबाही हसले… पण त्यानंतर त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. मला हे लक्षात यायलाच दोन-तीन वर्षं लागली. मग माफी मागायची तर कशी, हेच सुचेना.

या वैशाखात आबा अचानक म्हणाले, "माय, एकदा ते घर पाहून यावं वाटायलंय." एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. मी रविवारी त्यांना घेऊन निघाले. परभणीहून बसनं वालूर, पुढं ऑटो. ऑटोवाला वेशीवर थांबतो म्हणाला. पाण्याची बाटली आम्ही ऑटोतच विसरलो, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

तीन खोल्यांचं माळवदाचं घर, साहेबांमागं आता स्मारक म्हणून छान जपलेलं. साहेबांचा चष्मा, पानाचा डबा, दिल्लीहून आणलेली पत्र्याची पेटी, सगळं काचेत. ठिकठिकाणी 'हात लावू नये' अशा पाट्या. रशीदमामा म्हणून केअरटेकर आहेत, साठीचे. त्यांनी कुलूप काढून दिलं आणि ते ओट्यावर जाऊन बसले. मी बैठकीत भिंतीवरचे फोटो बघत उभी राहिले. आबा भिंतीला हात लावत लावत आतल्या खोलीत गेले.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. रांजणाच्या काठाला ओगराळं लागल्याचा.

झालं, म्हटलं… पाटी दिसली नसणार त्यांना! धावत गेले. अर्धा जमिनीत पुरलेला रांजण, भोवती दोरी बांधलेली, आणि दोरीवरून वाकून आबांनी ओगराळं बाहेर काढलेलं. ते मान वर करून पाणी पीत होते. घोट घोट. हनुवटीवरून ओघळून शर्ट भिजला होता.

मला वाटलं, रशीदमामा रोज भरून ठेवत असतील. आबांनी उरलेलं माझ्यापुढं धरलं. "घे, पे. लय गार हाय." माझाही घसा कोरडा पडला होता. मी प्यायले. गार, आणि वाळ्याचा वास. रुमालानं आबांची हनुवटी पुसली, आणि ते समाधानानं बाहेर निघून गेले.

तेवढ्यात रशीदमामा आत आले. "मॅडम, का करायलाव? हात नका लावू वो वस्तूला."

"चुकलं मामा. तहान लागली होती, पाणी प्यायलो."

"कोन्तं पाणी?"

मी रांजणाकडं बोट दाखवलं. ते माझ्याकडं बघतच राहिले. "ह्यात पाणी कुठून येईल? तळाला भेग हाय. मी हितं लागलो तवापासून कोरडाच हाय."

मी मोबाईलचा टॉर्च लावून वाकले. तळाला बोट जाईल एवढी भेग. धूळ. कुठल्याशा सहलीतल्या पोरानं टाकलेलं चिप्सचं पाकीट. कडुनिंबाची वाळकी पानं… हातात घेतली तर कुरकुरत मोडली.

रशीदमामांनी ओगराळं उचललं. ते ओलं होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि हळूच विचारलं, "वर कळवावं का मॅडम?"

"काय म्हणून कळवणार?"

"तेच तर," म्हणाले, आणि ओगराळं जागेवर ठेवलं.

मी सगळं तपासलंय. वैशाखात पाऊस नाही. गळायला घरात नळ नाही. बाटली ऑटोत. उन्हानं भास झाला म्हणावं, तर दोघांना एकच? आणि रुमाल? त्याला संध्याकाळपर्यंत वाळ्याचा वास येत होता, माझ्या भावजयीनं न विचारता ओळखला. गंमत म्हणजे आबांना यात काही नवल घडलंय हेच माहीत नाही. साहेबांच्या रांजणात पाणी असायचंच, एवढं साधं. मीही त्यांना सांगितलेलं नाही.

एक राहिलं. परतताना ऑटोवाल्यानं सहज विचारलं, "आबा, तुमी वळखायचाव का सायबाला?" आणि अकरा वर्षांनी आबांनी गोष्ट काढली. पहाट, चालणं, अंगण, ओंजळ, सगळं. रांजणापाशी आल्यावर ऑटोवाला हसला. "आत जाऊन? सोताच्या हातानं? त्या टायमाला? काय बी सांगायलाव, आबा!"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, चुकून बोलून गेल्यासारखं.

मी पुढं वाकून ऑटोवाल्याला म्हणाले, "खरंय ते. मी बी पेले त्याच रांजणातलं."