सातवा उद्गार आणि मागची रिक्षा

मरोळच्या देवव्रत उजागरे यांनी एकोणतीस वर्षं लिफ्टचे ब्रेक तपासले. साकीनाक्याच्या एका गाळ्यात ते सुपरवायझर होते आणि त्यांच्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे. निवृत्त झाल्यावर तपासायला घर उरलं. गॅसचा नॉब ते तीनदा बघतात, दाराची कडी दोनदा. "चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटतात," त्यांची बायको सुहासिनी सांगते, "पण एक डोळा छत्रीवर असतो."

श्रद्धा नाही असं नव्हे. घरात रोज सकाळी कौटुंबिक प्रार्थना होते आणि ती उजागरेच चालवतात. फक्त त्यांची प्रार्थना ऐकताना कुरिअरवाल्याला पत्ता सांगितल्यासारखं वाटतं. "हे प्रभू, अपूर्वा आज चकाल्याला जातेय. बी विंग, तिसरा मजला. सिग्नलला टँकर उजवीकडून घुसतात, तिथं विशेष लक्ष असू दे. तुझ्या हाती सोपवतो. आमेन."

अपूर्वा ही त्यांची एकुलती मुलगी. वय सव्वीस, फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. जानेवारीत तिने स्कूटर घेतली. तेव्हापासून आमेन झालं की ती स्कूटर काढायची आणि मागोमाग उजागरे नाक्यावर जाऊन रतनच्या रिक्षात बसायचे.

रतन कणकवलीचा. त्याला पहिले दोन दिवस वाटलं, साहेबांना काम असेल. तिसऱ्या दिवशी त्याने आरशातून विचारलं, "काय ओ साहेब, मघाशी तुम्ही पुटपुटत होतात, पोरगी देवाच्या हातात दिली म्हणून. मग आपण कशाला चाललोय?"

"देव बघतोच आहे," उजागरे म्हणाले. "आपण फक्त खात्री करतोय."

"पोरीची का देवाची?"

"तू पुढे बघून चालव."

फेब्रुवारीत अपूर्वाने त्यांना पकडलं. मिलिटरी रोडला सिग्नलवर तिने मान वळवली, तर वडील रिक्षातून वाकून तिच्या मागच्या टायरची हवा न्याहाळत होते.

संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, पुन्हा मागे दिसलात तर मी घाटकोपरला राहायला जाईन. मैत्रिणीबरोबर, राधाबरोबर. खोली बघून ठेवलीय."

"आम्ही काळजीही करायची नाही?"

"करा ना. घरी बसून करा."

उजागऱ्यांनी शब्द दिला, पुन्हा दिसणार नाही. मुलगी जाणार या कल्पनेने त्यांना आठवडाभर जेवण गेलं नाही. पहिले काही दिवस ते खिडकीतून बघून परत फिरत. मग त्यांनी शब्द नीट तपासला. 'दिसणार नाही' एवढंच ठरलं होतं. रतनबद्दल काही ठरलं नव्हतं.

याच सुमारास चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्ताने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार मंडळीतली सात माणसं घेतात आणि प्रत्येकावर पंधरा मिनिटं बोलतात. सातवा उद्गार शेवटचा, बापाच्या हाती स्वतःला सोपवून देण्याचा. नेहमीच्या वक्त्याची दाढ काढली होती.

"तुम्ही घ्या, उजागरे. तुमच्यासारखा काटेकोर माणूस हवा."

सुहासिनीला हे कळलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ हसली. "सोपवून देण्यावर? तुम्ही? अहो, तुम्ही साधा रिमोट देत नाही."

उजागऱ्यांनी अकरा मुद्दे काढले आणि आरशासमोर घड्याळ लावून सराव केला. चौदा मिनिटं चाळीस सेकंद.

गुड फ्रायडेला अपूर्वाला सुट्टी नव्हती. घाटकोपरच्या एका आजींचा खुबा बदलला होता. असल्फ्याच्या गर्दीच्या रस्त्यावरून स्कूटर ती प्रथमच नेणार होती. सकाळच्या प्रार्थनेत उजागऱ्यांनी देवाला मेट्रोचे खांब, खड्डे आणि बसचा स्टॉप असं सगळं क्रमाने सांगितलं. मग गॅलरीत जाऊन हळूच फोन लावला. "रतन, सव्वादोनला निघेल ती. अंतर ठेव."

चर्चमध्ये पहिल्या सहा वक्त्यांनी मिळून दोन तास सतरा मिनिटं घेतली. चौथे गृहस्थ तर आपल्या उद्गारावरून निघाले ते थेट स्वतःच्या मूत्रखड्यापर्यंत पोहोचले. सहावे खाली उतरले आणि मंडळी गीत गायला उभी राहिली, तेव्हा तीनला वीस मिनिटं होती. गीत चालू असतानाच मागच्या दारात खाकी शर्ट दिसला. रतन हात हलवत होता.

उजागरे बाकांमधून अक्षरशः पळाले.

"काय झालं? कुठे आहे ती?"

"ती बरी आहे ओ. माझं टायर बसलं. पोलीस चौकीजवळ, निघून पाच मिनिटं झाली नव्हती."

"मग?"

"मग मॅडम वळून मागे आली. म्हणाली, रतनदादा, स्टेपनी आहे का? मी म्हटलं, आहे. म्हणाली, इकडे कुठे? आता मी काय बोलू?"

"काय बोललास?"

"खरं. शुक्रवार आहे म्हणून खोटं बोलवेना." रतनने मान खाजवली. "ती रागावली नाही, साहेब. ते जास्त वाईट. म्हणाली, पप्पांना सांग, मी जातेय. पोहोचले की मेसेज टाकणार नाही. त्यांचा फोन आला तर संध्याकाळी बॅग भरेन."

आत गीत संपलं. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं.

उजागरे वर गेले. कागद काढला, अकरा मुद्द्यांकडे पाहिलं, घडी घातली. नंतर जे बोलले ते मंडळीत अजून सांगितलं जातं. "मी आज सकाळी माझी मुलगी देवाच्या हाती सोपवली," ते म्हणाले, "आणि तिच्या मागे रिक्षा पाठवली. ती रिक्षा पंक्चर झाली. आता मुलगी कुठे आहे ते मला माहीत नाही. देवाला माहीत आहे. हे मी आयुष्यभर म्हणत आलो, पण पहिल्यांदाच मला त्यावर भागवावं लागतंय. आणि मला फार भीती वाटतेय. आमेन."

चाळीस सेकंदही झाले नाहीत. गुड फ्रायडेला कुणी हसत नाही, तरी मागच्या बाकावरून दाबलेलं हसू फुटलं आणि पसरलं. पाळकसाहेबांनी स्तोत्रसंहितेत तोंड लपवलं. सुहासिनी मात्र हसली नाही. नवरा जागेवर येऊन बसला तेव्हा तिने त्याचा फोन आपल्या पर्समध्ये टाकला. त्याने दिला.

अपूर्वा साडेसहाला आली. हात धुऊन जेवायला बसली.

"फोन केला नाहीत?"

"नाही."

"आईने काढून घेतला होता?"

"पाच वाजता परत दिला," सुहासिनी म्हणाली. "समोर ठेवून बसले होते. नुसते बघत."

अपूर्वाने भाकरी मोडली. "राधाला कळवते, जूनपर्यंत थांब म्हणून. जूनला बघू."

"जूनला बघू," उजागरे म्हणाले.

"सोमवारी भांडुपला जायचंय. नवीन पेशंट."

उजागऱ्यांनी भांडुपला कुठे, कुठल्या रस्त्याने, हे विचारण्यासाठी तोंड उघडलं. मायलेकी दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी उघडलेल्या तोंडात घास घातला आणि तो बराच वेळ चावला.