एकास एक

माझी ताई मटणाच्या दुकानात सुरा चालवते. बाईमाणूस म्हणून सुरुवातीला गिऱ्हाईक नाक मुरडायचं, आता तिच्याच हातचं हवं म्हणून ताटकळत उभं राहतं. मी तिची धाकटी बहीण, भिंतीपलीकडच्या खोलीत राहते, आणि हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय. कुणी म्हणेल बहिणीची बाजू घेते. म्हणू दे.

ताईला दोन मुली, थोरली बारा वर्षांची, धाकटी दहाची. दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. दाजी ट्रकवर, पाहुण्यासारखे यायचे, लाड करायचे, निघून जायचे. निस्तरायचं हिने. कंगव्यावरून, खिडकीजवळच्या जागेवरून, अगदी "ती माझ्याकडे बघतेय" यावरूनही झोंबाझोंबी. नखं, दात, केस. भावंडं कुणाच्या घरी भांडत नाहीत? पण यांचं भांडण झालं की फरशी पुसावी लागायची. हल्ली पेटलं की एकीला मी माझ्याकडे ओढून आणते, आणि दोघी थंड झाल्याशिवाय कोण चुकलं हा विषयच निघत नाही. एवढं साधं शहाणपण, पण ते आम्हाला स्वस्तात मिळालं नाही.

आमचे बाबा विचारपूस करत नसत. पट्टा काढायचे आणि आम्हा दोघींना फोडून काढायचे, चूक कुणाचीही असो. ते ताईच्या मनात रुतून बसलेलं. माझ्या घरात न्याय होईल, म्हणायची. म्हणून तिने नियम काढला, एकास एक. जिने मार खाल्ला तिने तेवढाच, तिथेच, आईच्या डोळ्यांसमोर परत द्यायचा. मग रडायचं नाही, रुसायचं नाही, मागचं उकरायचं नाही. ताईने स्वतः कधी हात उचलला नाही. कमरेवर हात ठेवून नुसती उभी राहायची.

मी म्हटलं, अगं, घर आहे की आखाडा? तर म्हणाली, तुला मूलबाळ नाही, तू गप्प बस. बसले गप्प. आणि खोटं कशाला बोलू, महिनाभर खरंच शांतता होती. शेजारच्या बाया ताईला विचारायला यायला लागल्या, आमच्या कार्ट्यांचं काय करू म्हणून. ताईची मान ताठ.

पण पोरी काय कमी होत्या? त्यांना माराचा भाव कळला. थोरली आधीच ठरवायची, एक खाईन, पण एक देईनच. धाकटीच्या नाकावर ठोसा हाणायची आणि आपणहून नाक पुढे करायची. धाकटी त्याहून वस्ताद. ती नेम धरून, सावकाश मारायची. रागाच्या भरात मारलेलं मला समजतं. हे समजत नव्हतं.

त्या दुपारी धाकटीने थोरलीच्या चित्रावर पाणी ओतलं, खोलीबाहेर पळाली आणि चौकटीला धरून दात काढत उभी राहिली. थोरलीने दार ढकललं. बोटं फटीत आहेत हे तिला दिसत होतं, तरी ढकललं. धाकटीच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली, एक नख निघून आलं.

दवाखान्यातून प्लास्टर घालून घरी आणलं, तेव्हा थोरली भिंतीला टेकून बसली होती. धाकटी सरळ दाराशी गेली.

"आता माझी पाळी," म्हणाली.

ताई म्हणाली, नाही, हे वेगळं आहे, आजपासून नियम बंद. धाकटीने एवढंच विचारलं, माझ्याच वेळी का बंद? तेवढ्यात थोरली उठली, आपली बोटं चौकटीत ठेवली आणि म्हणाली, ढकल एकदाचं.

ताईने तिला मागे ओढलं आणि तिथे स्वतःचा डावा हात ठेवला. नियम मी काढला, मी भरते, म्हणाली.

धाकटीने त्या हाताकडे नीट पाहिलं. "माझा उजवा होता."

ताईने उजवा ठेवला. सुऱ्याचा हात, ज्याच्यावर घर चालतं तो. मी ओरडले, वेडी झालीस का? पण ताईला वाटलं असणार, आईचा हात बघून पोरगी विरघळेल. मलाही तसंच वाटलं.

धाकटीने दाराला खांदा लावला आणि सगळा भार टाकून ढकललं.

हाड मोडल्याचा आवाज ताई दिवसभर ऐकते. हा ऐकून ती मटकन खाली बसली. थोरली किंचाळत सुटली. मी धाकटीच्या अंगावर धावले, दोन थोबाडीत ठेवूनच द्यायच्या म्हणून, आणि जागच्या जागी थांबले. पोरीने आपला धड राहिलेला डावा हात चौकटीत ठेवला होता.

"तू मला काहीच केलं नव्हतंस," ती आईला म्हणाली. "आता तुझी पाळी."

नाटक नव्हतं ते. पोर डोळे मिटून, ओठ दाबून वाट बघत होती.

ताई तशीच सरपटत दाराशी गेली. डाव्या हाताने तिची बोटं धरली आणि छातीशी ओढून घेतली. पोरीला काही कळेना. ती हात सोडवायला लागली, आणि कधी नव्हे ती रडायला लागली.

"मार ना आई. नाहीतर संपणार कसं?"

ताईने ती बोटं सोडली नाहीत.