पाटासाठी वाळू

आमच्या गावामागची नदी मला बाबांनी दाखवली. तिच्या काठी मी नऊ वर्षं राहत होते, पण माझ्या लेखी ते ऑफिसला जाताना लागणाऱ्या पुलाखालचं पाणी होतं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सर्व्हेअर. वॉशिंग्टन राज्यात आमच्याकडे आले आणि जेटलॅग उतरायच्या आत नदीच्या मागे लागले.

"अगं, हिचा उगम हिमनदीत आहे," पुलाजवळ मला गाडी थांबवायला लावून ते म्हणाले. "बर्फ खडक घासतो, त्याचं पीठ वाहून येतं. म्हणून उन्हाळ्यात पाणी असं दुधाळ हिरवं." वर डोंगरात ती अरुंद घळीतून धोंडे घरंगळवत येते. आमच्या गावाशी दरी उघडते, उतार कमी होतो आणि दमलेली नदी एकेक ओझं खाली ठेवायला लागते. आधी धोंडे, मग गोटे, मग खडी. बारीक वाळू मात्र काठाकाठाला थोडी सोडत ती पार खाडीपर्यंत नेते. हे सगळं बाबा पेपर नॅपकिनवर काढून दाखवायचे. फ्रिजवर मॅग्नेट पुरेनात, इतके नकाशे झाले.

आई गेल्यापासून त्यांनी कायमचं इथे यावं म्हणून मी हटून बसले होते. ग्रीन कार्डही मीच हट्टाने करून घेतलं. हॉस्पिटल जवळ आहे, स्वतंत्र खोली आहे, इन्शुरन्सचं मी बघते, ही माझी यादी त्यांना तोंडपाठ झाली होती. ते ऐकून घ्यायचे आणि "बघू" म्हणायचे. परतीचं तिकीट मात्र त्यांनी स्वतःच काढून ठेवलं होतं, गणपतीनंतरच्या शनिवारचं.

गणपती शाडूचा, वीतभर. इथल्या नदीत विसर्जन चालणार नाही, हे बाबांनी कुरकुर न करता मान्य केलं आणि डेकवर बादलीत ते पार पडलं. पण रिकामा पाट तसाच घरात ठेवायचा? आमच्याकडे विसर्जनानंतर पाटावर नदीतली वाळू आणतात. "मूठभर वाळूने अमेरिकेचं काय जाणार आहे?" बाबा म्हणाले. मलाही ते पटलं. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला आणि पाटाला गाडीत घालून आम्ही निघालो.

काठावरची वाळू त्यांना पसंत पडेना. तिच्यात गाळ होता. उन्हाळा सरल्याने पाणी एव्हाना निवळलं होतं. अर्धा तास हिंडून त्यांनी एका वळणाच्या आतल्या बाजूची उथळ जागा हेरली. "इथली खडी बघ, सैल, धुतल्यासारखी. खालून पाणी झिरपतंय. हिच्याखाली वाळूही चांगली मिळेल." पँट दुमडून ते पाण्यात शिरले, कोपरापर्यंत दोन्ही हात खुपसले आणि ओंजळ वर काढली. खड्यांमध्ये दोन नारिंगी मणी चमकत होते.

"आजोबा, डोन्ट मूव्ह!" मुलगी किंचाळली. "दॅट्स अ सॅल्मन नेस्ट!"

तिच्या वर्गात मागच्या वर्षी काचेच्या टाकीत सॅल्मन माशाची अंडी वाढवली होती, त्यामुळे तिला सगळं ठाऊक. मादी शेपटीने खडी उडवून खड्डा करते, अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. तिला खडी लागते ती सैल, स्वच्छ, आतून पाणी खेळणारी. नदी कळणाऱ्या दोघांनी एकच जागा निवडली होती. त्यातली दुसरी, ती मादी, तिथेच होती, हातभर लांब, शेपटी झिजून पांढरी पडलेली. आम्हाला बघून ती पळाली नाही.

बाबांनी ओंजळ हलकेच पाण्यात सोडली. पाणी बर्फासारखं, पोटऱ्या लाल झालेल्या, पण ते हलेनात.

"पाय कुठे टाकू गं?" त्यांनी नातीला विचारलं.

"त्या बिग स्टोनवर, आजोबा. नाऊ दॅट वन."

पाट रिकामाच घरी आला. "हजारो अंडी असतात हो, दोनच तर होती," मी समजूत घातली.

"आणि ज्यांच्यावर मी उभा होतो ती?" बाबा म्हणाले.

त्यानंतर ते रोज तिकडे जायला लागले. काठावर बसून त्या मादीकडे बघायचे. गुरुवारी ती मेलेली दिसली; अंडी घातल्यावर सॅल्मन मरतातच. त्या संध्याकाळी बुटांच्या नाड्या सोडता सोडता ते म्हणाले, "तिकीट पुढे ढकल. पिल्लं वसंतात वर येतात म्हणे."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. "दोन वर्षं मी घसा कोरडा करतेय, आणि तुम्ही थांबणार कुणासाठी, तर माशांसाठी?"

"तुझं इथे छान चाललंय," ते शांतपणे म्हणाले. "माझ्यावाचून काही अडत नाही. तिथे नदीत मात्र माझ्या हातून नुकसान झालंय. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

इतक्या दिवसांत मी त्यांना हॉस्पिटल सांगितलं होतं, खोली सांगितली होती. दुसरं काहीच सांगितलं नव्हतं.

"माझं अडतं, बाबा," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "आई गेल्यापासून रोज अडतं."

बाबांनी हातातला बूट खाली ठेवला.

"मग हे आधी बोलायचंस की," ते म्हणाले.