नीराबाईचा गाल

लाकडी होड्या बांधण्यात माझी तीस वर्षं गेली. आता उरलेली फायबरच्या होड्यांत चालली आहेत. आमचा कारखाना म्हणजे रेवदंड्याच्या खाडीलगतची पत्र्याची लांबलचक शेड. मालक विनेश, माझ्या मुलाच्या वयाचा. मला रामभाऊकाका म्हणून मान देतो आणि करतो मात्र स्वतःच्याच मनाचं. पण ही गोष्ट त्याची नाही, माझीही नाही. नीराबाईची आहे.

नीराबाई कोळीवाड्यातली. अर्धी हयात तिनं मासळी सुकवण्यात घालवली. बोंबील नीट सुकला का, हे बाकीच्या बायका वाकवून बघतात. ती गालाला लावून बघायची. आत ओल असेल तर गार लागतो, नसेल तर लागत नाही. इतकं साधं. नवरा वारला, मासळीही आटली, तेव्हा ती आमच्याकडे झाडलोट करायला आली. आल्या आल्या म्हणाली, "काय रं बाबा हा वास! डोकं उठलं माझं." डोकं उठलं ते उठलंच, पण बाई टिकली.

आमच्या होडीचा डेक अख्खा फायबरचा नसतो. तसा केला तर होडी स्वतःच्याच वजनानं बेजार होईल. म्हणून खाली फायबरचा पातळ थर, वर पातळ थर आणि मध्ये बोटभर जाडीचा बाल्सा. बाल्सा हे बाहेरदेशचं लाकूड. इतकं हलकं, की पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा कोणीतरी माझी थट्टा करतंय असं वाटलं. त्याचे चिक्कीच्या वड्यांसारखे ठोकळे जाळीदार कापडावर चिकटवलेले असतात, असे तक्ते खोक्यातून येतात. एकेकटं यातलं काहीच कामाचं नाही, पण तिन्ही चिकटून एकजीव झाले की वर दहा माणसं खुशाल नाचोत. नीराबाई त्याला भरलेलं पापलेट म्हणते. अट एकच, की भरताना बाल्सा कोरडा ठणठणीत हवा. ओल राहिली तर वरचा थर त्याला धरत नाही, आणि ओल आत कोंडून लाकूड कुजतं. वरून डेक चकचकीत, आत भुसा. असा डेक कधी पायाखाली खचेल ते सांगता येत नाही, आणि खचतो तो भर समुद्रात.

ओल मोजायला विनेशनं एक मीटर आणला होता. एक दिवस मीटर तक्ता कोरडा दाखवत होता आणि झाडू हातात धरून नीराबाई म्हणाली, "ह्यो तक्ता ओला हाय." तिनं तो गालाला लावला होता. मीटरमधला सेल बदलला, तर बाई खरी निघाली. त्या दिवसापासून प्रत्येक तक्ता तिच्या गालावरून जाऊ लागला. पुढे मीटर फायबर चिकटवायच्या राळेच्या डब्यात पडून वाया गेला, तेव्हा विनेश हसत म्हणाला, "मावशी आहे ना आपली, नवा कशाला?" आम्हीही हसलो. मला त्या हसण्याची आज लाज वाटते.

फायबरची कुसळं डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंगात शिरतात. नीराबाईचा उजवा गाल आधी लाल झाला, मग खरखरीत. संध्याकाळी चिकट राळ काढायला आम्ही सगळे हात थिनरनं पुसतो. ती गालही पुसायची. तिला नको म्हणायला हवं होतं. पण संध्याकाळी सहाला कोणाच्या अंगात दुसऱ्याची काळजी करायचं त्राण असतं? सकाळी आठला उभं राहायचं, मास्कमध्ये घाम पिऊन दिवस काढायचा आणि घरी जाऊन खाजवत पडायचं. ती तर त्यावर घरची भाकरी, पाणी आणि अंथरुणाला खिळलेली सासू बघायची.

यंदा पावसाळ्यात आम्ही होडी बांधत होतो ती तिच्याच मुलाची, भावेशची. दहा वर्षं दुसऱ्यांच्या होडीवर राबून त्यानं पहिल्यांदा स्वतःची सांगितली होती. नारळी पौर्णिमेला पूजा, मग होडी पाण्यात. आषाढात डेक भरला. बाहेर धो धो पाऊस, आत खोलीत मोठे दिवे लावून तक्ते सुकवायचे आणि नीराबाई एकेक गालाला लावून म्हणायची, "सुकलाय, घ्या." डेक झाला, रंग झाला, पुढे नाळेवर होडीचं नाव आणि डोळे रंगवून झाले.

पूजेला दोन दिवस राहिले होते. सकाळच्या चहाला ती माझ्याजवळ येऊन बसली. कप हातात तसाच.

"रामभाऊ, मना गालावं काय कळत न्हाय."

"म्हणजे?"

"काल घरचं बोंबील भरीत व्हते. गालाला लावलं, मना सुकं वाटलं. आवडाबाईनं हातात घेतलं नि बोलली, अगं वैनी, हे तर ओलं हाय." आवडाबाई तिची नणंद. "मंग मी चार येळा बघलं. गार न्हाय, गरम न्हाय. काहीच न्हाय."

"कधीपासून?"

"ठाव न्हाय. आषाढात शंका यायची. पन दमलेली असायची ना रं, बोलायची, सुकंच असंल."

मी तिला काय म्हणालो, ते सांगायला जीभ रेटत नाही. म्हणालो, "दिवे लावून सुकवलेत, चांगलेच असणार. आता तोंड उघडू नकोस." माझीही कंबर मोडली होती. तो डेक पुन्हा उचकटायचा, ह्या विचारानंच अंगातलं बळ गेलं.

ती उठली. "माझा भावेश त्यावं उभा ऱ्हानार हाय," एवढंच म्हणाली आणि विनेशकडे गेली.

विनेशनं आधी समजूत घातली, "मावशी, तुम्ही दमलात म्हणून मनात नाही ते येतंय." मग चिडला. मग भावेशला फोन केला. भावेश आला तो तणतणत. "आये, आख्ख्या वाड्याला आवतान दिलंय! तुला आज आठवलं?" नीराबाई तडक होडीकडे गेली आणि डेकवर चढून उभी राहिली. तिला तिथून खाली उतरवायची कोणाचीच छाती झाली नाही.

शेवटी मीच करवत आणि पटाशी घेतली. नुसतं ठोकून बघितलं असतं, तर आवाजानं ताज्या डेकमध्ये काही कळलं नसतं. नाळेकडे तळहाताएवढा चौकोन कापला. वरचा थर उचलताना लाकडाचे धागे ओरबाडून वर आले, म्हणजे घट्ट धरलेला. मधला कापला, तोही तसाच. भावेश म्हणाला, "झालं समाधान?" ती म्हणाली, "मागला बघ." मागे, जिथे जाळं ओढताना माणसं पाय रोवून उभी राहतात, तिथे तिसरा कापला. पटाशी लावली आणि थर केळीच्या सालीसारखा अलगद सुटून आला. खाली एक धागा नाही. म्हणजे इथं थरानं लाकूड धरलंच नव्हतं.

नीराबाईनं त्यातली लाकडाची वडी काढून गालाला लावली. मग ती भावेशपुढे धरली. "मना कळत न्हाय. तू बघ."

भावेशनं ती घेतली. लहानपणी तिच्या शेजारी बसून बोंबील गालाला लावायचा, तसाच गाल वाकडा केला. त्याचा चेहरा उतरला.

"गार हाय, आये."

विनेशनं कपाळाला हात लावला, मग फोन काढून नव्या मीटरची चौकशी करायला बाहेर गेला. भावेशनं शर्ट काढला आणि पहार घेतली. सगळाच डेक काढायचा, पुढचासुद्धा. आता कुठल्या तक्त्यावर विश्वास ठेवणार? पूजा हुकणार, हंगामाचे पहिले पंधरा दिवसही बुडणार. पहारीच्या दणक्यांनी पत्रे थडथडत होते, ग्राइंडर कानठळ्या बसवत होता.

चार वाजता बघतो, तर बाल्साच्या रिकाम्या खोक्यांवर नीराबाई आडवी झालेली. खरखरीत गाल हातावर, तोंड उघडं, गाढ झोप. इतक्या वर्षांत कामाच्या वेळेत तिला मी टेकलेलीसुद्धा पाहिली नव्हती. विनेशनं लांबून हाक दिली, "मावशी, ते तुकडे भरायचेत!"

भावेशनं पहार थांबवली. अंगभर पांढरी पूड, डोळे लाल.

"तिला उठवू नका शेट," तो म्हणाला. "तिचं आजचं काम झालंय."